गृहकर्ज दुसऱ्या बँकेत नेताना मुदतीकडेही पाहा

रिझर्व्ह बँकेने २०२५ या एका वर्षात रेपो दर ६.५० टक्क्यांवरून ५.२५ टक्क्यांवर आणला. मात्र, या कपातीचा लाभ सर्व कर्जदारांना सारखा मिळत नाही. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना बदलत्या दराची नवी गृहकर्जे रेपोसारख्या बाह्य निर्देशांकाशी जोडणे बंधनकारक झाले. त्यापूर्वीच्या एमसीएलआर वा बेस रेटवरील कर्जांपर्यंत कपात विलंबाने पोहोचते. साहजिकच अशा कर्जदारांना दुसरी बँक खुणावते.

येथे हिशेब नीट मांडायला हवा. समजा, ३० लाखांचे कर्ज शिल्लक असून १५ वर्षे उरली आहेत. व्याजदर नऊवरून आठ टक्के झाल्यास मासिक हप्ता ३०,४२८ रुपयांवरून २८,६७० रुपयांवर येतो. संपूर्ण मुदतीत तीन लाखांहून अधिक रक्कम वाचते. पण नव्या बँकेने मुदत पुन्हा २० वर्षे केली, तर हप्ता २५,०९३ रुपये होतो आणि एकूण परतफेड जुन्या कर्जापेक्षाही सुमारे ५ लाख ४५ हजारांनी वाढते. हलका वाटणारा हप्ता प्रत्यक्षात महाग पडतो.

वैयक्तिक कर्जदाराने बदलत्या दराचे गृहकर्ज मुदतीपूर्वी फेडल्यास बँकेला दंड आकारता येत नाही. तथापि प्रक्रिया शुल्क, मुद्रांक शुल्क आणि कागदपत्रांच्या तपासणीचा खर्च कर्जदारालाच सोसावा लागतो. त्यामुळे आधी आपल्याच बँकेकडे दर बदलून मागावा. त्यानंतरही कर्ज हलवायचे ठरले, तर उरलेली मुदत वाढू न देणे हेच शहाणपणाचे ठरेल.