शेवयांचा मनोरा आणि खजिनदाराची वही

ब्रिटनमधल्या बहुतेक विद्यापीठांत बुधवारची दुपार व्याख्यानांसाठी नसते, ती सामन्यांसाठी राखलेली असते. 2008 मध्ये दोन जुन्या संस्था एकत्र येऊन ‘बक्स’ ही आंतरविद्यापीठीय संघटना उभी राहिली. वेळापत्रक आणि गुणतक्ता ती पाहते. बस ठरवणे, वर्गणी गोळा करणे, मैदानाचे भाडे भरणे, नव्या मुलांना क्लबात रुजवणे हे मात्र विद्यार्थ्यांच्या समितीच्या गळ्यात असते. अध्यक्ष, सचिव, खजिनदार, कप्तान, शिवाय सभासदांचे बरेवाईट पाहणारा ‘वेल्फेअर ऑफिसर’. सगळे निवडून आलेले, बहुतेक एकोणीस ते बावीस वयाचे. आपल्याकडे महाविद्यालयीन विद्यार्थी परिषदेतला खेळाचा प्रतिनिधी प्राचार्य नेमतात आणि संघाबरोबर व्यवस्थापक म्हणून प्राध्यापक जातो. त्यामुळे पुण्या-नागपुराहून तिथे गेलेल्या मुलाला वीस वर्षांची खजिनदार क्लबाचे अंदाजपत्रक मांडताना दिसली की नवल वाटते.

या मुलांना नेतृत्वाचे प्रशिक्षण द्यावे का, हा प्रश्न तिथे कागदावर निकालात निघालेला आहे. दर सप्टेंबरात ते दिले जाते. पण त्याची टवाळी करणारे पुष्कळ आहेत, आणि त्याचे गोडवे गाणारे त्याचे त्याहून जास्त नुकसान करतात.

आधी टवाळखोरांचा पूर्वपक्ष. जुने खेळाडू म्हणतात, नेतृत्व वर्गात शिकवता येत नाही, मैदान ते शिकवते. दाखल्यादाखल ऑक्सफर्डच्या बोट क्लबाचे 1987 चे बंड हटकून पुढे येते. केंब्रिजविरुद्धची 1986 ची नौकाशर्यत ऑक्सफर्ड हरले. पुढच्या वर्षासाठी आलेल्या अमेरिकी वल्हेकऱ्यांचे सरावाची पद्धत आणि नावेतल्या जागा यांवरून प्रशिक्षक डॅन टोपोल्स्की यांच्याशी बिनसले, आणि क्लबाचा विद्यार्थी अध्यक्ष डॉनल्ड मॅक्डोनाल्ड याला हटवा, अशी मागणी झाली. मॅक्डोनाल्ड हटला नाही. बंडखोर बाहेर पडले आणि राखीव वल्हेकरी नावेत बसवून ऑक्सफर्डने 28 मार्च 1987 रोजी केंब्रिजला चार लांबींनी हरवले. कुठे घेतले होते मॅक्डोनाल्डने प्रशिक्षण, असा सवाल मग टेबलावर आपटला जातो.

सवाल फसवा आहे. मॅक्डोनाल्ड तेव्हा तिशी ओलांडलेला, नोकरीधंद्याचे जग पाहून पुन्हा शिकायला आलेला माणूस होता. त्याच्या जागी शाळेतून थेट आलेला एकोणीस वर्षांचा मुलगा कल्पून पाहा. दुसरे असे की अध्यक्षाला कोण हटवू शकते, हे त्या क्लबात आधीच ठरलेले होते. तो अधिकार वेगवेगळ्या कॉलेजांच्या कप्तानांच्या सभेला होता. ती सभा भरली, तिथे मतदान झाले आणि कौल मॅक्डोनाल्डच्या बाजूने गेला. ती व्यवस्था नसती तर सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस जिंकला असता. आणि एवढे होऊनही तो वागला ते बरोबर की चूक, यावर एकमत नाहीच. टोपोल्स्की यांचे ‘ट्रू ब्लू’ 1989 मध्ये आले, त्यावर चित्रपटही निघाला; अ‍ॅलिसन गिल यांनी 1991 मध्ये बंडखोरांची बाजू मांडणारे वेगळे पुस्तक लिहिले. ज्या प्रसंगाचा अर्थ लावायला दोन पुस्तके लागतात, त्याच्या जोरावर ‘मैदानच शिकवते’ म्हणणे धाडसाचे आहे. मैदान जे शिकवते ते मैदानापुरते. उत्तम फिरकी टाकणाऱ्या मुलीला बँक खात्यावरच्या सह्या कशा बदलायच्या, हे खेळपट्टी सांगत नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे, आणि त्यात तथ्यही आहे. हे प्रशिक्षण म्हणजे विद्यापीठाने आपली कातडी वाचवण्यासाठी घेतलेली सही, असे तो म्हणतो. दोन तासांत चाळीस स्लाइड, शेवटी एक अर्ज, ‘मी नियम वाचले आहेत’. उद्या काही विपरीत घडले तर अर्ज पुढे करायचा. मला हे वर्णन खरे वाटते. पण त्यावरून ‘म्हणून प्रशिक्षणच नको’ हा निष्कर्ष निघत नाही. डिसेंबर 2016 मध्ये न्यूकॅसलला एका विद्यार्थी मंडळाच्या दीक्षाविधीत अतिमद्यपानाने पहिल्या वर्षाचा एक मुलगा दगावला. मंडळ शेतीविषयक होते, खेळाचे नव्हते. पण नव्यांना दारू पाजून ‘आपल्यात घेण्याची’ ही रीत खेळांच्या क्लबांना अनोळखी नाही. विद्यापीठाची अशा विधींवर बंदी त्याही आधी होतीच. म्हणजे नियम होता, कागद होता. त्या रात्री ‘आता पुरे’ म्हणणारा पदाधिकारी तेवढा नव्हता. कागदाने तो घडत नाही हे टवाळखोरांचे म्हणणे मान्य. मग कशाने घडतो, हे त्यांनी सांगायला हवे होते. तिथे ते गप्प असतात.

आता प्रशिक्षणाचे चाहते. त्यांचा युक्तिवाद नोकरीचा आहे: समितीत काम केले, नेतृत्वाची कार्यशाळा केली, की बायोडेटा चमकतो, मुलाखतीत सांगायला किस्सा मिळतो. म्हणून ही कार्यशाळा कंपन्यांच्या कार्यशाळांची नक्कल करते. तुमचा स्वभाव लाल की निळा, हे प्रश्नावली भरून काढा. पाच-सहा जणांनी न शिजवलेल्या स्पॅगेटीच्या काड्यांचा, म्हणजे आपल्या लेखी लांबलचक शेवयांचाच, मनोरा रचून त्याच्या टोकावर मार्शमेलो ठेवा. हसत-खेळत दुपार जाते, याबद्दल तक्रार नाही. पण त्याच दुपारी हॉकी क्लबाची नवी खजिनदार मागच्या खजिनदाराची वही शोधत असते, आणि तो खजिनदार जूनमध्येच पदवी घेऊन गाव सोडून गेलेला असतो. मनोरा रचणाऱ्यांना हे ठाऊकच नसते, कारण ते क्लबासाठी नव्हे, भावी मालकासाठी माणूस घडवत असतात.

माझे म्हणणे एवढेच, की हे प्रशिक्षण व्यक्तीला द्यायचे नसून पदाला द्यायचे आहे. पद एका वर्षाचे असते. निवडणुका साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, परीक्षा मे महिन्यात, उन्हाळ्यात गाव ओस, आणि शिकवणी सप्टेंबरात, नव्या मुलांच्या झुंबडीच्या तोंडावर. जुने गेल्यावर आणि नव्यांची धावपळ सुरू झाल्यावर शिकवायला बसण्यात काय हशील? शिकवायचे तर ईस्टरच्या आसपास, जुनी समिती गावात असताना. आणि गुरू व्यावसायिक प्रशिक्षक नको, मावळता पदाधिकारी हवा. त्याने दोन सामने नव्याला सोबत घेऊन पार पाडावेत. बसवाला कोण, कुणाची वर्गणी थकली, कुठल्या विद्यापीठाचे मैदान पावसात खेळण्याजोगे राहत नाही, हे सगळे त्याच्याकडे असते. व्यावसायिकाला बोलवायचेच तर नोव्हेंबरात, पहिली भांडणे होऊन गेल्यावर बोलवा.

आणि शिकवायचे काय? ‘नाही’ म्हणायला, तेही वरच्यांना नव्हे, आपल्याच माणसांना. ब्रिटनने एप्रिल 2023 मध्ये हौशी खेळांसाठी डोक्याच्या दुखापतीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांनुसार मेंदूला धक्का बसलेल्या खेळाडूने 21 व्या दिवसाआधी सामना खेळायचा नाही. आता समजा, तेराव्या दिवशी बाद फेरीचा सामना आहे. खेळाडू म्हणतो, मी ठणठणीत आहे. तो कप्तानाचा घरमित्र, भाडे अर्धे-अर्धे. संघातले बाकीचे कप्तानाकडे बघत उभे आहेत. हा प्रसंग स्लाइडवर एका ओळीत मावतो आणि कुणीच चुकीचे उत्तर देत नाही. तोच प्रसंग खोलीत उभा करा, घरमित्राची भूमिका एखाद्या खमक्या माजी खेळाडूला द्या, त्याला मनसोक्त भांडू द्या. पहिल्या खेपेला भले भले कप्तान डगमगतील. दुसऱ्या खेपेला शब्द सापडतात. तोंडात शब्द तयार असणे ही भित्र्या माणसालाही आधार देणारी गोष्ट आहे.

खजिनदारासाठी असाच दुसरा प्रसंग आहे. अनेक क्लबांचा पुरस्कर्ता गावातला पब असतो. जर्सीचे पैसे त्याने द्यायचे, बुधवारी सामन्यानंतर गर्दी क्लबाने आणायची. मग दारू न पिणारी मुले, त्यात आपली मराठी मुलेही आली, हळूहळू बुधवारच्या संध्याकाळींतून गळतात, आणि पुढे संघातूनही. हा करार पुढच्या वर्षी करायचा का? याला सोपे उत्तर नाही, जर्सी तर हव्याच. पण हा प्रश्न खजिनदाराच्या आणि वेल्फेअर ऑफिसरच्या एकत्र बैठकीत यायला हवा, एवढे तरी शिकवता येते.

‘मुले स्वयंसेवक आहेत, आधीच दमलेली; आणखी ओझे कशाला’ असे कुणी म्हणेल. त्याला मिनीबस दाखवावी. 1997 पासून साधा परवाना काढलेल्याला पगाराविना स्वयंसेवक म्हणून ती चालवायची तर वय किमान 21 आणि परवान्याला दोन वर्षे पूर्ण लागतात. कित्येक विद्यापीठे त्यावर स्वतःची चाचणीही घेतात. स्वयंसेवक आहे म्हणून ती माफ करा, असे कुणी म्हणत नाही.

एक कसर मात्र माझ्या योजनेतही राहते. आपली पुष्कळ मुले तिथे एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी जातात. सप्टेंबरात पोहोचतात तेव्हा समिती ठरून गेलेली असते, वसंतात निवडणूक येते तेव्हा त्यांचे परतीचे वेध सुरू झालेले असतात. प्रशिक्षण ईस्टरला नेले तर ही मुले आणखी बाहेर पडतील. यावर उपाय एकच सुचतो: समितीतली एक जागा शरद सत्रातल्या पोटनिवडणुकीसाठी मोकळी ठेवायची, आणि त्या सभासदाचे प्रशिक्षण व्यावसायिकाला नोव्हेंबरात बोलवाल तेव्हापासून सुरू करायचे. काही क्लब ऑक्टोबरात रिकाम्या जागांसाठी पोटनिवडणूक घेतातच. ती रिकामी राहिलेली जागा न राहता राखलेली जागा व्हावी.