प्रतिस्पर्ध्यास दिलेली विद्या

विद्या दिल्याने वाढते, हे वचन आपल्या घरांतील मुलांच्या कानांवर लहानपणापासून पडत असते. परंतु वार्षिक परीक्षा जवळ आली, म्हणजे त्याच घरांतील वडील माणसे 'आपली वही कोणास देऊ नकोस हो' असे मुलांस हळूच बजावू लागतात! जुन्या काळी कित्येक वैद्य आपली मात्रा आणि कित्येक गवई आपली चीज शिष्यांपासूनही राखून ठेवीत. त्यांतील किती विद्या त्यांच्याबरोबरच लयास गेली, याची गणती कोणी करावी? म्हणून ज्या स्पर्धेत मुले आपले कसब आपण होऊन प्रतिस्पर्ध्यांपुढे उघडे करतात, तिची हकीकत या महिन्यात सांगावयाचे योजिले आहे.

अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यात मँचेस्टर नावाचे शहर आहे. तेथे डीन केमेन या संशोधकाने १९८९ साली 'फर्स्ट' ही संस्था काढली. खेळाडूंचे होते तसे कौतुक विज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींचेही व्हावे, हा त्यांचा हेतू. १९९२ साली त्याच शहरी एका शाळेच्या व्यायामशाळेत २८ संघांची पहिली स्पर्धा झाली. आज अनेक देशांतील हजारो संघ तीत भाग घेतात. दर जानेवारीत नवा खेळ जाहीर होतो. कधी चेंडू उंच टोपलीत टाकावयाचे, कधी कडी खुंटीवर अडकवावयाची, तर कधी शेवटी दांडीस लोंबकळावयाचे. हे सारे करणारा पन्नासएक किलो वजनाचा यंत्रमानव थोड्याच आठवड्यांत मुलांनी उभा करावयाचा असतो. त्यास हात, पाय वा डोके असतेच असे मात्र नाही.

या खेळाची खरी मौज त्याच्या नियमांत आहे. मैदानात एका बाजूस तीन व दुसऱ्या बाजूस तीन असे यंत्रमानव उतरतात आणि सुमारे अडीच मिनिटांत सामना संपतो. प्राथमिक फेरीत सोबती कोण, हे आधीच ठरवून दिलेले असते व ते दर सामन्यास बदलते. सकाळी जो विरुद्ध बाजूस होता, तोच दुपारी आपल्या बाजूस येतो. पुढील फेरीसाठी वरच्या क्रमांकाचे संघ आपले सोबती स्वतः निवडतात. अशा ठिकाणी शेजाऱ्याचे यंत्र बंद पडले म्हणून हसणाऱ्यास पुढे आपलेच नुकसान पाहावे लागते. त्यामुळे कोणास एखादी मोटार वा तार कमी पडली, तर ध्वनिक्षेपकावरून पुकारा होतो आणि बहुधा प्रतिस्पर्धीच ती वस्तू घेऊन धावत येतो.

आपल्या स्वार्थासाठी केलेली मदत ती मदत कसली, असे कोणी म्हणेल. परंतु नियमांनी लावलेली सवय पुढे नियमांच्याही पलीकडे जाते. टेक्सासमधील 'रोबोनॉट्स' या संघाचेच पाहा. अमेरिकेच्या अंतराळसंस्थेच्या ह्यूस्टन येथील केंद्राचा त्यास आधार आहे आणि २०१५ साली सेंट लुई येथील अंतिम स्पर्धा जिंकणाऱ्या चमूत तो होता. हा मातब्बर संघ दरवर्षी स्वतःच्या यंत्राखेरीज 'एव्हरीबॉट' नावाचा दुसरा एक साधा यंत्रमानव तयार करतो. ज्यांच्यापाशी थोडीच हत्यारे व थोडाच पैसा आहे, त्यांसही तो बांधता यावा म्हणून त्याचे आराखडे, सामानाची यादी व कृती हंगामाच्या आरंभीच सर्वांस खुली करतो. दुसरे कित्येक संघ तर हंगाम चालू असतानाच आपले काम, फसलेल्या प्रयोगांसकट, जाहीरपणे मांडीत असतात. यांतून प्रतिपक्षास आपले मर्म कळेल, ही भीती त्यांस नसेल काय? असेलच, तरीही ते मांडतात.

आयते मिळाल्याने मुले आळशी होतील, हा दुसरा आक्षेप. त्यास एका चाकाचे उदाहरण पुरे आहे. पुष्कळ संघ आता असे यंत्र वापरतात, की ज्याचे प्रत्येक चाक एक मोटार फिरविते व दुसरी वळविते. त्यामुळे अंग न वळविता यंत्र कोणत्याही दिशेस जाऊ शकते. त्याची संगणकीय आज्ञावली तयार मिळते. परंतु प्रत्येक चाक सरळ असताना त्याचा कोन किती दिसतो, हे आपल्याच यंत्रावर मोजून तीत भरावे लागते. दुसऱ्याचे आकडे तसेच उतरविले, तर चारही चाके चार दिशांस ओढू लागतात व यंत्र जागच्या जागी करकरते. समजल्यावाचून उतरविलेली विद्या अशी आपणच आपली परीक्षा घेते. आणि ज्यास ती समजावून सांगावी लागते, त्याची तर ती दुप्पट पक्की होते.

मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेचे अध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी या स्पर्धेस एक सूत्र घालून दिले. चुरस पुरेपूर करावी, परंतु प्रतिपक्षाचा मान कधी सोडू नये, हे त्याचे सार. ते २०१९ साली निवर्तले, तरी त्यांचे सूत्र आजही मुलांच्या तोंडी आहे. एवढ्याने श्रीमंत व गरीब संघांतील अंतर अर्थात मिटत नाही. पैशाचे बळ ते पैशाचेच. तथापि ज्ञानाच्या कोंडीमुळे पडणारे अंतर तरी त्याने कमी होते.

आपल्या परीक्षांत जागा मोजक्या असतात व त्यांस सोबती निवडण्याचा नियम नाही, हे खरे. परंतु परीक्षा चार दिवसांची. पुढे कचेरीत, कारखान्यात, रुग्णालयात आणि प्रपंचातही एकट्याने काम करणारा कोण आहे? तेथे तर कालचा प्रतिस्पर्धीच आजचा सहकारी होतो. एकत्र कुटुंबात ही शाळा घरीच भरू शकते. मोठ्या भावंडाने धाकट्या चुलतभावास गणित शिकवावे, हा घरचा नियम करावा. आणि शेजारची मुलगी वही मागावयास आली, तर आपल्या मुलीने वहीबरोबर थोडी जागाही तिला द्यावी, म्हणजे दोघी मिळून ते उदाहरण सोडवतील.