वंशावळीतल्या पाचजणी

बायबलचा नवा करार उघडला की पहिल्याच पानावर वाचणारा अडखळतो. ना गोष्ट, ना उपदेश, नुसती नावं! अमक्याला तमका झाला, तमक्याला ढमका झाला. मत्तयानं अब्राहामापासून येशूपर्यंतच्या पिढ्या चौदा-चौदाच्या तीन गटांत बसवल्या आहेत. दर वर्षी १७ डिसेंबरला कॅथलिक चर्चमध्ये, मग ते आपल्या नागपुरातलं असो की रोममधलं, मिस्सेला हीच वंशावळ वाचली जाते. नावं संपेपर्यंत पोरं चुळबुळतात आणि बायकांचं मन नाताळच्या करंज्यांकडे वळतं. यात देवाधर्माचं काय आहे, असं वाटलं तर नवल नाही.

खरं तर वंशावळ आपल्याला कुणालाच नवी नाही. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान् पिढ्यांची नावं सापडतात. कितीतरी घराण्यांचे कुलवृत्तांत छापलेले आहेत. आणि ज्यांना यातलं काहीच ठाऊक नाही, त्यांनाही मुलाच्या जात पडताळणीच्या वेळी शपथपत्रावर वंशावळ लिहून द्यावी लागतेच. खापरपणजोबा, पणजोबा, आजोबा, वडील, काका. ज्या बाईनं नऊ महिने पोटात वाढवलं, ती या झाडाच्या कुठल्या फांदीवर असते? शोधून बघा.

मत्तयाच्या यादीतही बहुतेक पुरुषच आहेत. पण मधेच चार बायका येतात. त्या कोण, हे पाहिलं की माणूस थबकतो. सारा, रिबका, राहेल या मानाच्या कुलमाता असतील असं वाटतं ना? त्यांची नावंच नाहीत. आहे ती तामार. दोन नवरे गेलेली विधवा. सासऱ्यानं, यहूदानं, रिवाजाप्रमाणे तिला धाकट्या दिराशी लग्नाचा शब्द दिला आणि पाळला नाही. तिनं बुरखा घेऊन वाटेवर बसून त्याच्याकडूनच आपला हक्क मिळवला आणि शेवटी त्यालाच कबूल करावं लागलं की आपल्यापेक्षा हीच खरी. दुसरी राहाब, यरीहोची वेश्या, जिनं परक्या हेरांना घरात लपवून जीव वाचवला. तिसरी रूथ, मवाबी म्हणजे परक्या जातीची, सासूची साथ न सोडता दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचून पोट भरणारी. चौथी बथशेबा. तिचं तर नावही नाही, नुसती उरियाची बायको. दावीद राजानं तिला महालात बोलावून घेतलं आणि उरियाला लढाईत मारवलं. नाव गाळलं हा तिच्यावरचा अन्यायच. पण मेलेल्या नवऱ्याच्या नावानं उल्लेख करून मत्तयानं राजाचा गुन्हाही कायमचा नोंदवून ठेवला, असंही म्हणता येतं.

आणि पाचवी मरीया. इथं तर साखळीच तुटते. एवढ्या पिढ्या बापाकडून मुलाकडे आलेला वंश योसेफापाशी येऊन थांबतो. येशू योसेफाला झाला असं मत्तय म्हणत नाही, मरीयेपासून झाला असं म्हणतो. बापांची यादी आईपाशी येऊन संपते!

आपण कुळाचा कागद करताना काय करतो? पळून गेलेली आत्या, दुसऱ्या जातीत लग्न केलेली मावशी, नवऱ्यानं टाकलेली काकू, सगळ्या हळूच पुसून टाकतो. मत्तयानं नेमक्या अशाच बायका ठेवल्या. या यादीतलं अध्यात्म मला इथं सापडतं. देवाचं काम चालतं ते निर्मळ घराण्यांतून नाही, तुमच्या-आमच्यासारख्या गुंत्याच्या घरांतून. लूकची वंशावळ तर उलटी चढत थेट आदामापर्यंत जाते. तिथं कोण उच्च आणि कोण नीच?

ही नावं सोप्या मराठीत आणण्यासाठी कुणी आयुष्य वेचलं, तेही लक्षात घ्या. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत केलं, ते साध्यासुध्या बायकांना कळावं म्हणून. ते छापलं केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनी. रमाबाईंनी १८८० मध्ये जातीबाहेर लग्न केलं, दोनच वर्षांत त्या विधवा झाल्या, आणि एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली. पुढच्याच वर्षी, भाषांतराचं काम हातावेगळं करून, रमाबाईही गेल्या. कागदावर वंश तिथं खुंटला. पण मुक्तीत वाढलेल्या मुलींना विचारलं असतं, तर त्यांनी वेगळीच वंशावळ सांगितली असती.

आता आपल्याकडचं कागदही जरा बदलू लागले आहेत. २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच हक्क मिळाला. जुन्या करारात सलाफहादाच्या पाच मुलींनी मोशेपुढे उभं राहून बापाच्या जमिनीचा वाटा मागितला होता, त्यांची आठवण यावी असाच हा प्रकार. २०२४ च्या मार्चमध्ये राज्य मंत्रिमंडळानं सरकारी कागदपत्रांवर मुलाच्या नावापुढे आधी आईचं आणि मग वडिलांचं नाव लिहिण्याचा निर्णय घेतला.  चांगलंच झालं. पण तो कागद एकाच पिढीचा. आजीची आई कोण होती, हे सरकार कसं सांगणार?

ते काम आपलं आहे, मैत्रिणींनो. एक वही घ्या. आईचं नाव, तिच्या आईचं, तिच्याही आईचं, आठवेल तिथवर लिहा. माहेरचं नाव लिहा, लग्नानंतर बदललेलं लिहा. घरात अजून ऐंशी-नव्वदीची कुणी असेल तर आजच विचारा. आणि जिचं नाव घरात कुजबुजत घेतलं जातं, तिला आवर्जून लिहा. तिच्यामुळेच कदाचित तुम्ही इथवर आला असाल.