दारातला सायकस



नवे घर बांधले की दाराच्या दोन्ही अंगांना सायकस लावायची चाल आता खेड्यातही आली आहे. परवा एका घरी यजमान कौतुकाने म्हणाले, "साहेब, हा साबुदाण्याचा पाम." झाडाला लागूनच शेळी बांधलेली होती. म्हणून आज हा विषय घेतला.

सायकस माडासारखा दिसतो, पण तो पाम नव्हे. आपला साबुदाणा शाबूकंदापासून होतो. सायकस मूळचा जपानच्या दक्षिणेकडील बेटांवरचा. तिथल्या थंड भागातील बागांत हिवाळ्यात त्याला पेंढा गुंडाळतात. आपल्याकडे त्याची गरज नाही.

काळ्या रानात लावायचा तर मुरूम व वाळू मिसळून उंचवटा करावा. पाणी साचले की कंद कुजतो. पाणी बुंध्याशी द्यावे, शेंड्यात ओतू नये. वाढ फार सावकाश. पाने बहुधा वर्षातून एकदाच, एकदम फुटतात. त्या वेळी लहान निळी फुलपाखरे अंडी घालतात आणि अळ्या कोवळा फुटवा फस्त करतात. पाने निबर होईपर्यंत जुनी मच्छरदाणी झाकावी. बुंध्याजवळची पिल्ले काढून, जखम सावलीत सुकवून, वाळूत लावावीत.

आता महत्त्वाचे. या झाडाचे सर्व भाग विषारी आहेत, बिया सर्वांत जास्त. मादी झाडावर सुपारीएवढ्या केशरी-तांबड्या बिया धरतात. मुलांना त्यांचा मोह पडतो. बी पोटात गेल्यास उलट्या होतात, यकृत बिघडते. पाने खाल्लेल्या गुरांचे मागचे पाय लुळे पडतात. 1920 च्या दशकात साखरेचे भाव कोसळले तेव्हा ओकिनावा बेटांवरील उपाशी लोकांनी सायकसचे पीठ खाल्ले. विष नीट न काढता खाल्ल्याने कित्येक दगावले.

तेव्हा सायकस गोठ्यापासून व मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर लावावा. बिया दिसताच काढून खोल पुराव्यात. छाटलेली पाने उकिरड्यावर टाकू नयेत. मुलाने बी चघळल्यास उलटीची वाट न पाहता, ती बी बरोबर घेऊन दवाखाना गाठावा. जनावराने खाल्ल्यास पशुवैद्यांना बोलवावे.

दाराची शोभा जरूर वाढवा. मात्र शेळीची दावण आजच हलवा.