आधी माती, मग पॉलिमर क्ले



शाळेच्या प्रदर्शनात, उन्हाळी शिबिरात आता 'मिनिएचर गार्डन' नावाचा प्रकार हमखास दिसतो. पसरट कुंडीत किंवा जुन्या परातीत माती भरायची, दोन-चार छोटी रोपं लावायची, खड्यांची पायवाट करायची आणि त्यात पॉलिमर क्लेची घरं, बाकं, प्राणी, मशरूम मांडायचे. लेकरांना हे फार आवडतं. एरवी पाच मिनिटं एका जागी न बसणारं पोरगं अर्धा तास मान खाली घालून बसतं. बोटांना काम मिळतं, नजर बारीक होते.

त्यामुळे या उपक्रमाला माझा विरोध नाही. पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या शाळांत तो व्हिडिओत पाहिला तसाच्या तसा आणायला आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: आधी माती, मग पॉलिमर क्ले, आणि बाग दिसावी ती आपल्या इकडची.

हे आपल्याला नवीन नाही

दिवाळीत महाराष्ट्रातली मुलं अंगणात किल्ला करतात. दगड-माती रचतात, वर आळीव पेरतात, चार-पाच दिवसांत हिरवळ उगवते, मग मातीचे मावळे उभे राहतात. ही मिनिएचर गार्डनच झाली की! आपल्या विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. लेकरं लाकडाचे, मातीचे बैल सजवून घरोघरी नेतात. भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी उभा केलेला ग्रामोदय संघ मातीकामासाठी देशभर ओळखला जातो. आणि हाताच्या कामातून शिक्षण हा विचार तर इथून जवळच, वर्ध्याला, 1937 सालच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी देशापुढे मांडला.

म्हणजे छोटी सृष्टी हाताने घडवण्याचा वारसा आपल्याकडे आहेच. नवीन आहे तो फक्त पॉलिमर क्ले.

पॉलिमर क्ले म्हणजे नेमकं काय?

नावात 'क्ले' असलं तरी ही माती नाही. हे पीव्हीसी नावाचं प्लास्टिक आहे, त्यात ते मऊ ठेवणारे पदार्थ आणि रंग मिसळलेले असतात. पाणी नसल्यामुळे ती हवेत वाळत नाही. ओव्हनमध्ये साधारण 110 ते 130 अंश सेल्सिअसला, पाकिटावर दिलेल्या वेळेइतकी भाजली की ती कडक होते.

बाजारात तीन वेगळ्या वस्तू 'क्ले' म्हणूनच मिळतात. एक, लहान मुलांची खेळायची मऊ क्ले. दुसरी, हवेत सुकणारी क्ले. ती ओव्हनशिवाय कडक होते, पण पावसात टिकत नाही. तिसरी ही पॉलिमर क्ले. घेताना पाकीट वाचा, नाहीतर सुकणारी क्ले भाजायला जाल आणि भाजायची क्ले उन्हात ठेवून वाट बघत बसाल. आपलं ऊन कितीही कडक असलं तरी 48 अंशांत पॉलिमर क्ले पक्की होत नाही.

काळजीच्या गोष्टी सरळ सांगते. चुलीवर, तव्यावर, निखाऱ्यात ती कधीही भाजू नका. प्रमाणाबाहेर तापली की पीव्हीसी जळतं आणि घशाला, डोळ्यांना झोंबणारा विषारी वायू निघतो. भाजण्याचं काम मोठ्यांनीच करायचं, खिडक्या उघड्या ठेवून. त्यासाठी वापरलेला ट्रे, लाटणं, सुरी पुन्हा स्वयंपाकात नको. काम झाल्यावर साबणाने हात धुवायचे. माझ्या मते सहावीच्या खाली ही क्ले वर्गात आणूच नये.

मग मातीपासूनच सुरुवात का?

पहिलं कारण खर्चाचं. पॉलिमर क्लेची पाकिटं आणि ओव्हन प्रत्येक शाळेला, प्रत्येक घराला परवडत नाहीत. 'घरून आणा' म्हटलं की वर्गात लगेच दोन गट पडतात, आणणारे आणि बघत बसणारे. माती सगळ्यांना सारखी मिळते.

दुसरं कारण शिकण्याचं. पॉलिमर क्ले फार समजूतदार असते. ती चिरत नाही, वाट बघते, चूक झाली की पुन्हा मळता येते. माती तशी नाही. पाणी जास्त झालं तर बसते, कमी झालं तर तडकते. उन्हात घाईने वाळवली तर भेगा पडतात, सावलीत हळूहळू वाळवली तर टिकते. बैलाचे पाय बारीक केले तर पोटाचं वजन पेलत नाही. हे सगळं फळ्यावर लिहून समजत नाही, हातातच समजावं लागतं.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मातीकाम शिकवायचं तर गावातल्या कुंभारदादांना, कुंभारीण मावशींना शाळेत बोलवावं लागतं. त्यांना खुर्ची द्या, पाहुण्यासारखा मान द्या, जमेल तेवढं मानधन द्या. ज्यांच्या कामाला गावाने हलकं मानलं, तेच आज आपले गुरुजी आहेत हे लेकरांनी पाहिलं पाहिजे. पॉलिमर क्लेचा व्हिडिओ हे काम करू शकत नाही.

बाग कोणाची?

या व्हिडिओंतल्या बागेत एक वस्तू ठरलेली असते: पांढऱ्या ठिपक्यांचं लालभडक मशरूम. ते खरं आहे, पण थंड प्रदेशात, भूर्ज आणि पाइनच्या झाडांखाली उगवतं, आणि विषारी आहे. आपल्या लेकरांना पावसाळ्यात वारुळावर उगवणारे टेकोडे माहीत आहेत, सात्या माहीत आहेत. कोणते खायचे नि कोणते नाहीत हे घरातल्या आजीला विचारायचं असतं, हेही माहीत आहे. मग त्यांच्या बागेत वारूळ आणि टेकोडे का नकोत?

तसंच बाकीचं. परीकथेतल्या बंगल्याऐवजी कवेलूचं घर करा, शेजारी गुरांचा कोठा. कारंज्याऐवजी बोडी किंवा मामा तलाव, त्याखाली धानाच्या बांध्या. मोहाच्या झाडाखाली फुलं वेचणारी बाई आणि तिची टोपली. चंद्रपूर शहरातल्या शाळांनी परकोट करावा: जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर हे चार दरवाजे, आणि दरवाजावरचं हत्ती-सिंहाचं गोंडराजांचं चिन्ह. रोज त्या दरवाजातून जाणाऱ्या मुलांनी ते चिन्ह मान वर करून नीट पाहिलेलं असतंच असं नाही. घडवायचं म्हटलं की पाहावंच लागतं.

वाघ कुठे ठेवायचा?

आपल्या जिल्ह्यात मुलं वाघ करणारच. शहरातल्या मुलासाठी वाघ म्हणजे ताडोबाची सफारी. पण जंगलालगतच्या गावातल्या लेकरासाठी वाघ म्हणजे संध्याकाळी लवकर लावलेलं दार, सरपणाला गेलेल्या आईची वाट पाहणं. काही घरांत याहून मोठं दुःख असतं. म्हणून 'किती गोंडस वाघ केलास' असं म्हणण्याआधी त्या लेकराने वाघ परातीत कुठे ठेवलाय ते बघा. घरापासून किती लांब? मध्ये काय आहे? त्यालाच विचारा, तिथेच का ठेवलास? आणि मग आपण गप्प राहून ऐका. कुणाला वाघ करायचाच नसेल तर आग्रह नको. आपल्याकडे माणूस आणि वाघ शेजारी राहतात. शौचालय कुठे हवं, गुरं कुठे चारायची, अंधारात एकट्याने का जायचं नाही, हे सगळं त्या परातीवर बोलता येतं.

वर्गात कसं घ्याल?

गणिताशी जोडा. प्रमाण ठरवा 1:20. माणूस 160 सेंमी, तर बाहुली 8 सेंमी. वाघ खांद्याजवळ साधारण 1 मीटर, म्हणजे 5 सेंमी. मोठा गवा 180 सेंमी, म्हणजे 9 सेंमी. आता 20 मीटरचा साग? तो होतो 1 मीटर! परातीत मावतच नाही. इथे मुलं स्वतः हसतात आणि प्रमाण म्हणजे काय ते कायमचं कळतं.

पहिले दोन तास मातीचं काम, आठवडाभर सावलीत वाळवणं, मग कुंभाराच्या भट्टीत भाजून घेणं. काही वस्तू मुद्दाम कच्च्या ठेवा आणि पावसात मांडा. कच्चं घर विरघळेल, भाजलेलं टिकेल. विज्ञानाचा पाठ तिथेच होईल. यानंतर मोठ्या वर्गात पॉलिमर क्ले आणा, तीही मातीला जमत नाही तेवढ्यासाठी: पक्ष्याची चोच, टोपलीची वीण, दरवाजावरचं बारीक चिन्ह. आत चुरगळलेल्या ॲल्युमिनियम फॉइलचा गोळा घातला की क्ले कमी लागते. आणि मुलांना खरं सांगा: हे प्लास्टिक आहे, मोडून फेकलं तर मातीत मिसळणार नाही. म्हणून थोडंच करायचं आणि जपून ठेवायचं.

पालकांना दोन शब्द

'मातीत हात घालायला शाळेत पाठवतो का?' असं काही पालक विचारतात. त्यामागचा त्रास मला समजतो. ज्यांचं आयुष्य मातीत राबण्यात गेलं त्यांना लेकरू त्यातून बाहेर निघावं असं वाटणारच. पण हे लेकराला मातीत अडकवणं नाही. मोजणं, आखणं, धीर धरणं, मोडलं तर पुन्हा करणं, हे पुढे तो इंजिनीअर झाला, नर्स झाला किंवा शेतकरी झाला तरी लागणारच आहे. इयत्ता सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरमुक्त दिवस नव्या शैक्षणिक धोरणातही सांगितले आहेत ते याचसाठी.

आणि एक विनंती. प्रदर्शनासाठी लेकराच्या हातातून काम काढून घेऊन ते स्वतः सुबक करू नका. बैलाचं एक शिंग मोठं, एक छोटं राहू द्या. तो बैल त्याचा आहे.