भेटप्रत वाचकाकडे जाऊ द्या

मराठीत नवं पुस्तक छापून आलं, की प्रतींचा गठ्ठा लेखकाच्या घरी पोचण्याआधीच वाटपाची यादी तयार असते. प्रस्तावनाकार, प्रकाशन समारंभाचे अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्या, साहित्य संस्थांचे पदाधिकारी, गावातले नगरसेवक-आमदार, कॉलेजातले जुने सर. पुरस्कारासाठी पुस्तक पाठवायचं तर एकेका ठिकाणी दोन-तीन प्रती द्याव्या लागतात. एकेकाळी हजाराची निघणारी आवृत्ती आता पाचशे-तीनशेवर आली आहे आणि तिच्यातल्या कितीतरी प्रती या यादीतच संपतात. यादीत बहुधा नसतो तो एकच माणूस : लेखकाला न ओळखणारा, पण पुस्तक हाती पडलं तर शेवटच्या पानापर्यंत वाचणारा.

प्रती फुकट वाटाव्यात की नाही, हा वाद जुना आहे आणि जगभर चालतो. लेखकाने आपल्या कष्टाचं मोल स्वतःच घालवू नये, असं काहीजण म्हणतात. ज्या पुस्तकाचं नावही कोणी ऐकलेलं नाही त्याला गिऱ्हाईक कुठून येणार, असं दुसरे विचारतात. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. मराठीत मात्र हा वाद फारसा कामाचा नाही, कारण आपले लेखक-प्रकाशक प्रती देताना हात आखडता घेतच नाहीत. फक्त त्या चुकीच्या दारात जाऊन पडतात.

योग्य दारात गेलेली फुकट प्रत काय करू शकते, याचं सर्वांत मोठं उदाहरण दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकेचं आहे. तिथल्या प्रकाशकांनी, पुस्तकविक्रेत्यांनी आणि ग्रंथपालांनी एकत्र येऊन ‘कौन्सिल ऑन बुक्स इन वॉरटाइम’ नावाची संस्था काढली. १९४३च्या सप्टेंबरपासून तिने परदेशी आघाड्यांवरच्या सैनिकांसाठी खास आवृत्त्या छापायला सुरुवात केली. १९४७पर्यंत तेराशेहून अधिक पुस्तकं निघाली आणि प्रतींचा आकडा बारा कोटींपलीकडे गेला. छपाई मासिकांच्या रोटरी यंत्रांवर होई. एकाखाली एक अशी दोन पुस्तकं एकाच कागदावर छापायची आणि मग कागद आडवा कापायचा. म्हणून ही पुस्तकं उंचीपेक्षा रुंदीला जास्त होती. प्रत्येक पानावर मजकुराचे दोन रकाने, बांधणीला साध्या पिना आणि आकार गणवेशाच्या खिशात मावेल एवढाच. नॉर्मंडीच्या स्वारीसाठी निघालेल्या सैनिकांच्या हातातही ती देण्यात आली होती. एकाची वाचून झाली की दुसऱ्याकडे, अशी ती छावणीभर फिरत.

त्या यादीत स्कॉट फिट्झजेराल्डची ‘द ग्रेट गॅट्स्बी’ होती. १९२५ साली आलेल्या या कादंबरीची पहिली आवृत्ती वीस हजारांच्या थोडी वर होती. दुसरी तीन हजारांची काढली, तर ती पुरती खपलीच नाही. १९४०मध्ये फिट्झजेराल्ड वारला तेव्हा तिच्या प्रती गोदामात पडून होत्या. आपलं पुस्तक लोक विसरले, अशाच समजुतीत तो गेला. पुढे १९४५मध्ये त्याच पुस्तकाच्या १ लाख ५५ हजार प्रती सैनिकांसाठी छापल्या गेल्या. लेखकाच्या हयातीत जेवढ्या प्रती छापल्या होत्या त्याच्या सहापटींहून जास्त. त्याच सुमारास समीक्षकही फिट्झजेराल्डकडे नव्याने पाहू लागले होते, त्यामुळे सगळं श्रेय या वाटपाला देणं बरोबर होणार नाही. तरीही समीक्षक ज्या पुस्तकाची थोरवी सांगत होते, ते सामान्य शिपायांच्या हातात आधीच पोचलेलं होतं, ही गोष्ट लहान नाही. ‘अ ट्री ग्रोज इन ब्रुकलिन’ लिहिणाऱ्या बेटी स्मिथ यांच्याकडे तर सैनिकांच्या पत्रांचा ओघ लागला. कुणी अभिप्राय मागितला नव्हता. पुस्तक मनाला भिडलं, म्हणून माणसं आपणहून लिहीत होती.

या योजनेतली एक गोष्ट आपल्याकडे आवर्जून सांगायला हवी. पुस्तक सैनिकाला फुकट होतं, पण लेखकाने ते फुकट दिलेलं नव्हतं. छपाईचा खर्च सरकार देत होतं आणि दर प्रतीमागे एक सेंट मानधन ठरलेलं होतं, ते लेखक आणि प्रकाशक निम्मं निम्मं वाटून घेत. रक्कम किरकोळ, पण हिशेब चोख. मराठी लेखकाच्या बाबतीत बहुतेक वेळा उलट घडतं. मानधनाच्या जागी त्याच्या हातात प्रती ठेवल्या जातात आणि त्या वाटायचा टपालखर्चही तोच करतो.

ब्रिटनने २०११मध्ये शांततेच्या काळात असाच एक प्रयोग केला. ‘वर्ल्ड बुक नाइट’ या उपक्रमात ५ मार्चला एका रात्रीत दहा लाख पुस्तकं वाटायची ठरली. वीस हजार स्वयंसेवक निवडले गेले. प्रत्येकाला २५ पुस्तकांतून आपल्या आवडीचं एक निवडायचं होतं आणि त्याच्या ४८ प्रती स्वतः नेऊन द्यायच्या होत्या. उरलेल्या प्रती रुग्णालयं, तुरुंग अशा ठिकाणी जायच्या होत्या. आपलं दुकान बसेल, अशी भीती छोट्या पुस्तकविक्रेत्यांनी तेव्हा बोलून दाखवली आणि ती रास्तच होती. पण या उपक्रमाचा गाभा चांगला होता. देणाऱ्याने पुस्तक आधी वाचलेलं आणि ते त्याला आवडलेलं असायचं. तो ते घेऊन जाई एरवी पुस्तकाच्या दुकानाची पायरी न चढणाऱ्या माणसाकडे. नंतरच्या वर्षांत तर फारसं न वाचणाऱ्यांवरच भर दिला गेला. अमेरिकेनेही २०१२पासून हा उपक्रम उचलला, पण पैशाअभावी तो २०१४नंतर बंद पडला.

फुकट वाचणारा माणूस स्तुतीच करील असं नाही, आणि तोच त्याचा मोठा उपयोग आहे. अँडी वीअर हा संगणकावर प्रोग्रॅम लिहिणारा माणूस. प्रकाशकांनी आधीच्या लेखनाला नकार दिल्यावर त्याने ‘द मार्शियन’ ही मंगळावर अडकलेल्या अंतराळवीराची कादंबरी स्वतःच्या संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणाने फुकट द्यायला सुरुवात केली. वाचणाऱ्यांत विज्ञानाची जाण असलेले पुष्कळ होते. हिशेब चुकला, रसायनशास्त्र चुकलं, की ते कळवत आणि वीअर मजकूर दुरुस्त करी. पुढे वाचकांनीच किंडलवर पुस्तक मागितलं. त्याने ते ९९ सेंटला ठेवलं आणि तीन महिन्यांत सुमारे ३५ हजार प्रती गेल्या. त्याच्या संकेतस्थळावर पुस्तक फुकट मिळत असतानाही लोक पैसे देऊन घेत होते. २०१४मध्ये मोठ्या प्रकाशन संस्थेने ते छापलं, २०१५मध्ये त्यावर चित्रपट आला. ही सगळी घोडदौड पुस्तकाच्या चुका दाखवणाऱ्या फुकट्या वाचकांपासून सुरू झाली होती.

मराठीतही असं काम चाललेलं आहे, फक्त त्याची चर्चा होत नाही. ई साहित्य प्रतिष्ठान बरीच वर्षं लेखकांच्या संमतीने मराठी पुस्तकांच्या ई-आवृत्त्या विनामूल्य वाचकांपर्यंत पोचवत आहे. त्यांच्या पुस्तकात सुरुवातीलाच वाचकाकडे तीन मिनिटं मागितलेली असतात : एक लेखकाला फोन करून पुस्तक कसं वाटलं ते सांगायला, एक संस्थेला कळवायला आणि एक मित्रमंडळींना पुस्तकाबद्दल सांगायला. ‘छान लिहा’ असं त्यात कुठे म्हटलेलं नाही. वाचलं असेल तर बोला, एवढीच अपेक्षा आहे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या आधाराने विनायक रानडे यांनी २००९मध्ये सुरू केलेली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजना दुसऱ्या वाटेने तिथेच पोचते. देणगीदारांच्या पैशातून पुस्तकं विकत घ्यायची, ती पेटीत भरायची आणि वाचणाऱ्यांच्या गटाला फुकट वाचायला द्यायची. काही महिन्यांनी गटागटांत पेट्यांची अदलाबदल होते. या पेट्या महाराष्ट्राबाहेर आणि परदेशातल्या मराठी माणसांपर्यंतही गेल्या आहेत. इथे पुस्तक विकलं जातं, लेखक-प्रकाशकाला पैसे मिळतात आणि वाचकाला खर्च पडत नाही. भेटप्रतीचं इतकं शहाणं रूप दुसरं सापडणं कठीण.

त्याआधी, १९७४मध्ये सुरू झालेल्या ‘ग्रंथाली’ने पुस्तकं फुकट दिली नाहीत, स्वस्त दिली. वाचक आधी जोडायचे आणि मग त्यांच्यासाठी पुस्तक काढायचं, ही त्या चळवळीची रीत होती. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८मध्ये तिथूनच आलं. आज हे आठवायचं कारण असं, की ग्रंथालीची माणसं पुस्तकं घेऊन गावोगाव जात होती. वाचक शोधायला निघावं लागतं, ही जाणीव तेव्हा होती.

आता परीक्षणांकडे वळू. वृत्तपत्रांना परीक्षणासाठी दोन प्रती पाठवायची पद्धत मराठीत रुळलेली आहे. पुरवण्यांची पानं घटली, तशी बहुतेक पुस्तकांच्या वाट्याला ‘साभार पोच’मधली एक ओळ येते. ज्यांच्यावर सविस्तर लिहून येतं, त्यांतल्या कितीतरी पुस्तकांवर लेखकाचा स्नेही लिहितो आणि ते वाचकाला सांगितलं जात नाही. आता ही जागा हळूहळू समाजमाध्यमांवर पुस्तकांविषयी बोलणाऱ्या तरुण मुलामुलींकडे चालली आहे. त्यांच्याकडे प्रती जातात हे चांगलंच आहे. त्यांतले अनेक मन लावून वाचतात आणि मोकळेपणाने बोलतात. पण प्रत फुकट मिळाली आहे, हे त्यांनी सांगितलंच पाहिजे. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१मध्ये प्रभावकांसाठी नियमावली केली, तिच्यात फुकट मिळालेल्या वस्तूंचाही समावेश आहे. अमेझॉनने २०१६मध्ये फुकट मालाच्या बदल्यात लिहिलेले अभिप्राय बंद केले तेव्हा पुस्तकांच्या आगाऊ प्रतींना मुभा ठेवली, ती एका अटीवर : प्रत द्या, पण अभिप्रायाची सक्ती नको आणि तो काय असावा यात ढवळाढवळ नको. हीच अट मराठीतल्या रविवार पुरवण्यांनी स्वतःला घालून घ्यावी. परीक्षणाखाली दोन ओळी पुरतील : प्रत प्रकाशकाकडून आली आणि परीक्षक लेखकाला ओळखतो किंवा ओळखत नाही.

हजारोंनी फुकट डाउनलोड झालेल्या पुस्तकांचा गाजावाजाही जरा बेतानेच घ्यावा. किंडलच्या एका योजनेत लेखकाला दर ९० दिवसांत पाच दिवस पुस्तक फुकट ठेवता येतं. त्या पाच दिवसांत आकडा भराभर चढतो, पण फुकट आहे म्हणून उतरवून घेतलेलं पुस्तक उघडलं जातंच असं नाही. गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळावर प्रती भेट देण्याची सोय अमेरिकेत एकेकाळी लेखकाला विनाशुल्क होती. २०१८पासून तीच योजना चालवायला ११९ डॉलर मोजावे लागू लागले. म्हणजे पुस्तकही द्यायचं आणि ते देण्याचे पैसेही भरायचे. एवढ्या पैशात महाराष्ट्रातल्या कितीतरी वाचनालयांपर्यंत पार्सलं जातील.

आणि वाचनालयं आहेत ना! शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं राज्यात सुमारे ११ हजार आहेत. त्यांतल्या सर्वांत खालच्या ‘ड’ वर्गातल्या वाचनालयाचं वर्षाचं अनुदान तुटपुंजं. त्यातच ग्रंथपालाचं मानधन, वीज, वर्तमानपत्रं आणि नवी पुस्तकं. संध्याकाळी दोन-तीन तास दार उघडतं, नव्या पुस्तकांचं कपाट वेगळं ठेवलेलं असतं आणि नेमाने येणाऱ्या सभासदांना त्यातलं प्रत्येक पुस्तक पाठ असतं. कोणता सभासद काय वाचतो, कुणी पुस्तक अर्ध्यावर परत केलं, कुणी दुसऱ्यांदा नेलं, हे ग्रंथपालाला नोंदवही न उघडता सांगता येतं. पुस्तकाचा याहून खरा अभिप्राय कोणती निवड समिती देणार आहे? १९५४च्या केंद्रीय कायद्याने प्रत्येक प्रकाशकाला आपल्या पुस्तकाची प्रत कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्लीच्या ठरावीक ग्रंथालयांना विनामूल्य द्यावी लागते. ती जपणुकीसाठी असते आणि असायलाच हवी. वाचली जाण्यासाठीची प्रत मात्र अजून कोणी कायद्याने मागितलेली नाही. ती मनाने द्यावी लागेल.

म्हणून लेखक-प्रकाशकांनी आपल्या यादीला कात्री लावावी. समजा भेटीसाठी शंभर प्रती काढून ठेवल्या आहेत. त्यांतल्या साठ पुस्तकाच्या विषयाशी नातं असलेल्या वाचनालयांना, वाचनकट्ट्यांना आणि पुस्तकपेट्या फिरवणाऱ्यांना जाव्यात. उसाच्या शेतीवरची कादंबरी सांगली-कोल्हापूरकडे जावी, कोकणातल्या मच्छीमारांवरचं पुस्तक मालवण-रत्नागिरीला. सोबत एक पत्ता लिहिलेलं कार्ड असावं, त्यावर आवडलेलं आणि न आवडलेलं दोन्ही लिहायला सारखी जागा असावी. परत येतील ती कार्डं प्रकाशकाने पुढच्या आवृत्तीत जशीच्या तशी छापावीत, टीकेसकट.

सुरुवात पुरस्कार देणाऱ्या संस्थांपासून करणं सर्वांत सोपं आहे. त्यांच्याकडे दरवर्षी पुस्तकांच्या थप्प्या जमतात आणि निकाल लागल्यावर त्या कपाटात नाहीतर रद्दीत जातात. पदपथावर जुनी पुस्तकं मांडणाऱ्यांकडे अशा प्रती नेहमी दिसतात : पहिल्या पानावर निळ्या शाईत मोठ्या अक्षरात मान्यवराचं नाव, खाली लेखकाची सही आणि तारीख, आत पोच मिळावी म्हणून घातलेलं छापील पत्र तसंच घडी घातलेलं, आणि मधली दोन पानं कापताना राहून गेलेली, अजून एकमेकांना चिकटलेली. निवड समितीचं काम संपताच संस्थेने आलेल्या सगळ्या प्रती आपल्या जिल्ह्यातल्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयांना वाटाव्यात, आणि पुरस्कारांच्या बातमीत विजेत्यांच्या नावांखाली कोणतं पुस्तक कोणत्या वाचनालयाला गेलं याची यादीही छापायला द्यावी.