सर्टिफिकेट मिळाले, पुढे काय?

आपल्या मंडळातल्या कोणत्याही घरी एक जाडजूड फाईल असतेच. दहावीच्या गुणपत्रिकेपासून इंजिनियरिंगच्या पदवीपर्यंतचे सर्व कागद त्यात प्लॅस्टिकच्या पाकिटांत नीट लावलेले असतात आणि ते जन्मभर चालतात. नंतर नोकरीत मिळवलेल्या सर्टिफिकेटांचे मात्र तसे नाही. दुधाच्या पिशवीसारखी त्यांवर मुदत छापलेली असते.

पी. एम. पी. घ्या. परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर दर ३ वर्षांत ६० पॉइंट जमवावे लागतात. सर्टिफाइड स्क्रम मास्टरला दर २ वर्षांनी २० पॉइंट आणि वर १०० डॉलर. उलट टेस्टिंगवाल्यांची आय. एस. टी. क्यू. बी.ची पहिली पायरी एकदा चढलात की आयुष्यभराची. आपल्यातल्या डॉक्टर मंडळींना हे नवे नाही. जर्मनीत स्पेशालिस्ट डॉक्टरांना ५ वर्षांत २५० गुण दाखवावे लागतात, आणि विमा व्यवस्थेत दवाखाना चालवणाऱ्याने ते दाखवले नाहीत तर मानधनातून आधी १० आणि पुढे २५ टक्के कापले जातात. तिथे उत्साहाचा प्रश्नच नाही, कापाकापीच पुरेशी आहे!

प्रश्न आहे तो आमच्यासारख्यांचा. नोकरी बदलायची असते तेव्हा आपण रात्री जागून अभ्यास करतो. पस्तिशीनंतर हळूहळू ते सुटते. नोकरी पक्की झालेली असते, मुलांची शाळा असते, गावाकडे आईवडिलांची दुखणी असतात. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था मग काय करतात? व्याख्यानांची आमंत्रणे पाठवतात. आपण कॅमेरा बंद ठेवून, भाजी चिरत ते व्याख्यान 'ऐकतो' आणि एक पॉइंट खात्यात जमा होतो. संस्थेला वाटते सभासद टिकला. माझ्या मते फक्त वर्गणी टिकली, माणूस केव्हाच गेलेला असतो.

आपले न्युरेम्बर्ग या बाबतीत जुनेजाणते गाव आहे. इथे १३४८-४९ च्या बंडानंतर कारागिरांच्या स्वतंत्र संघांना मनाई झाली आणि सर्व धंद्यांवर नगरपरिषदेने स्वतः देखरेख ठेवली. सोनाराला 'माइस्टर' होण्यासाठी विशिष्ट घाटाचा चांदीचा पेला घडवून दाखवावा लागे. पण एवढ्याने सुटका नव्हती. पुढे त्याने घडवलेल्या भांड्यांची चांदी तपासली जाई आणि कस उतरला तरच शहराचा 'एन' हा ठसा उमटे. ही तपासणी करणारेही त्याच धंद्यातले अनुभवी माइस्टर असत. मला यातली हीच गोष्ट महत्त्वाची वाटते. मुरलेल्या माणसाला पुन्हा बाकावर बसवले नाही, तर परीक्षकाच्या खुर्चीत बसवले.

ही खुर्ची आजही आहे. हाउप्टमार्क्टवरच्या आय. एच. के.कडे, म्हणजे उद्योग व व्यापार मंडळाकडे, आपल्या क्षेत्रातला 'फाखइन्फॉर्माटिकर' हा शिकाऊ अभ्यासक्रम १९९७ पासून आहे. त्याच्या परीक्षा मंडळात मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी सारख्या संख्येने असतात आणि सोबत व्यवसायशाळेचा शिक्षक. पगार नाही, फक्त खर्च आणि वेळेची भरपाई. २०२० पासून कायद्याने कंपनीला परीक्षकाला त्या वेळेपुरते कामातून मोकळे करावे लागते. माझ्या टीममधले एक पन्नाशी ओलांडलेले सहकारी हे काम वर्षानुवर्षे करतात. पोरांनी आपल्या प्रोजेक्टमध्ये काय वापरले आहे ते स्वतःला कळल्याशिवाय प्रश्न विचारणार कसे? म्हणून परीक्षेच्या मोसमात ते आमच्याहून जास्त वाचतात. त्यांना कोणी पॉइंट देत नाही.

पी. एम. पी.च्या ६० पॉइंटांपैकी व्यवसायाला 'परत देण्याचे', म्हणजे शिकवण्याचे, लिहिण्याचे, नवख्यांना हात देण्याचे, जास्तीत जास्त २५ धरतात. प्रत्यक्ष त्या कामावर काढलेल्या वर्षांचे तर त्यातलेच फक्त ८. निदान ३५ स्वतः शिकण्याचेच हवेत. पहिल्या फेरीला हे प्रमाण योग्य आहे. पण ज्याची ही तिसरी-चौथी फेरी आहे, त्याच्यासाठी ते उलटे करायला काय हरकत आहे? परदेशी नावामुळे आणि अडखळत्या जर्मनमुळे ऑफिसात मागे राहणाऱ्या आपल्या माणसांना तर अशा कामातून ओळखी मिळतील, आणि भाषाही.

आता बायकांविषयी, कारण माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त सर्टिफिकेटे इथेच मरतात. जर्मनीत एका मुलामागे ३ वर्षांपर्यंत एल्टर्नत्साइट घेता येते. पी. एम. पी.ची फेरीही नेमकी ३ वर्षांची. बाळ झाले आणि आजी सहा महिन्यांनी पुण्याला परत गेली, की पॉइंट जमवायचे कोणी? मुदत संपली की एक वर्ष सर्टिफिकेट स्थगित आणि त्यानंतर रद्द, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून परीक्षा. कामावर परतताना आधीच आत्मविश्वास डळमळलेला असतो, त्यात बायोडेटातली ती ओळ खोडायची. इस्पितळातल्या स्पेशालिस्ट डॉक्टरांना मात्र बाळंतपण आणि बालसंगोपनाची रजा त्या ५ वर्षांत अर्जावर वाढवून मिळते. घड्याळ थांबवता येते हे सिद्धच झाले आहे. मग बाकीच्यांनी 'नियमात बसत नाही' असे का म्हणावे? सभासद भगिनींनी हे संस्थांना लेखी विचारावे, एकेकटीने नव्हे तर मिळून.

तोवर पैशांपुरते तरी नुकसान टाळता येते. व्यवसायाशी संबंधित परीक्षेची फी, पुस्तके आणि व्यावसायिक संस्थेची वर्गणी हा करातून वजा होणारा खर्च आहे. नोकरदाराला १२३० युरो काही न दाखवताही वजा मिळतात, म्हणून अनेकजण पावत्या टाकून देतात. पण घरून काम केल्याचे दिवसाला ६ युरो, वर्षाला जास्तीत जास्त १२६० युरो, धरता येतात. सतत घरून काम करणाऱ्याची ती मर्यादा एवढ्यानेच ओलांडते आणि पुढचा प्रत्येक युरो उपयोगी पडतो. एल्टर्नत्साइटमध्ये, उत्पन्न नसताना केलेला खर्चही पुढच्या नोकरीसाठी आगाऊ केलेला म्हणून दाखवता येतो. जर्मनीच्या सर्वोच्च करन्यायालयाने २००३ मध्ये हे मान्य केले आहे. मात्र तो खर्च त्या नोकरीशी कसा जोडलेला आहे ते नीट लिहावे लागते. नवराबायकोचे विवरणपत्र एकत्र असेल तर फायदा त्याच वर्षी मिळू शकतो. पावत्या बायकोच्या नावाच्या असल्या तरी त्या सांभाळण्याचे काम नवऱ्याने करायला माझी काही हरकत नाही.

न्युरेम्बर्ग, फ्युर्थ, एर्लांगन भागातल्या आपल्या सभासदांपैकी कोणी आय. एच. के.चे परीक्षक असतील, किंवा रजेच्या काळात सर्टिफिकेटची मुदत वाढवून घेण्यात कोणाला यश आले असेल, तर संपादकांकडे कळवावे. अर्जाचा मजकूर पुढच्या अंकात छापता येईल.